दर सहा मीटरला एक करकर

पेणहून वडखळ, नागोठणे करत रोह्याला जायचं तर रस्ता चाळीस किलोमीटरच्या आसपास. सायकल अठ्ठावीस इंची काळी असेल, पुढच्या चक्रीला ४८ आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ दात असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात ती जेमतेम सहा मीटर पुढे सरकते. आता त्या सायकलच्या क्रँकला करकरायची सवय लागलेली असली, तर पेणच्या गणपती कारखान्यांपासून निघून कुंडलिकेच्या काठी पोचेपर्यंत ती साडेसहा हजारांहून जास्त वेळा करकरते. तेवढ्या वेळात एकशे आठ मण्यांच्या साठेक माळा ओढून होतात. पुण्य मात्र शून्य.

गंमत अशी, की ज्याची सायकल असते त्याला काही दिवसांनी हा आवाज ऐकूच येईनासा होतो. ऐकू येतो तो बाकी सगळ्यांना. त्यातून करकरणारी सायकल ही सार्वजनिक मालमत्ता असते. टपरीवर ती टेकवून चहा सांगेपर्यंत तिच्याभोवती वैद्यमंडळ जमतं. एकाच्या मते चेन सुकली आहे. दुसरा सीटच्या स्प्रिंगवर बोट ठेवतो. तिसरा नुसतं "बॉल गेला" म्हणतो आणि बिडी शिलगावतो, म्हणजे निकाल लागला. एसटीतून निवृत्त झालेला कुणीतरी काका असतोच. तो हँडल हलवतो, मागचं चाक उचलून फिरवतो, आणि फ्रेमलाच तडा गेल्याची शंका बोलून दाखवतो. त्याच्या मेव्हण्याची अशीच गेली होती.

निदानावर यांचं कधी एकमत होत नाही. औषधावर मात्र लगेच होतं. तेल सोडा.

कोकणात तेल म्हटलं की पहिला हात जातो खोबरेलाकडे. दाराच्या बिजागरीला तेच, कुलपाला तेच, डोक्याला तेच, मग सायकलने काय पाप केलं? अडचण एवढीच, की खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांखाली गोठायला लागतं. पौषातल्या पहाटे क्रँकवर ओतलेलं तेल तिथेच पांढरं होऊन बसतं, आणि ऊन चढलं की वितळून खाली मोज्यावर येतं. ज्यांच्या घरात शिवणयंत्र आहे ते त्याची छोटी कुपी आणतात. ते तेल सुईच्या नाजूक चालीसाठी बनवलेलं, माणसाच्या वजनाखाली ते टिकत नाही. गॅरेजमधलं जळकं ऑइल फुकट मिळतं म्हणून चांगलं, असं मानणारा एक मोठा पंथ आहे. त्या ऑइलमध्ये इंजिनाच्या झिजेचा बारीक कीस असतो आणि तो सायकलच्या आत जाऊन बसतो.

शहरात नोकरीला असलेला मुलगा सुटीला येताना फवाऱ्याचा निळा-पिवळा डबा घेऊन येतो. डब्ल्यूडी-४०. अमेरिकेतल्या सॅन दिएगोच्या एका छोट्या कंपनीने १९५३ मध्ये हे रसायन तयार केलं. पाणी हटवायचं म्हणून डब्ल्यूडी, आणि चाळिसाव्या प्रयत्नाला जमलं म्हणून चाळीस. पहिलं मोठं काम त्याला मिळालं ते ॲटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज धरू नये हे बघायचं. तेच आता दुधाची किटली लटकवलेल्या सायकलवर फस्सकन उडतं. क्षेपणास्त्राला चाललं ते दुधाच्या रतीबाला चालायला हरकत नाही, पण पाणी हटवणं हे एक काम आणि वर्षभर वंगण म्हणून टिकणं हे दुसरं. आतलं उरलंसुरलं ग्रीसही त्या फवाऱ्याने पातळ होऊन वाहून जातं.

तरी आवाज थांबतो, हे खरं. दोन दिवस थांबतो. तेल फटीत शिरतं, पत्र्याला पत्रा घासताना मध्ये एक पातळ पापुद्रा येतो, टपरीवरचं वैद्यमंडळ आपापली पाठ थोपटून घेतं. तिसऱ्या दिवशी त्या तेलाला रस्त्याची धूळ चिकटते आणि करकर पहिल्यापेक्षा भरदार स्वरात परत येते.

खरी मेख अशी, की सायकलमधला आवाज बहुतेक वेळा जिथे फिरायला हवं तिथून येत नाही. जिथे काडीचंही हलायला नको, तिथून येतो. पायडलचा दांडा, म्हणजे क्रँक, मधल्या ॲक्सलवर एकजीव बसलेला असावा लागतो. तो केसभर जरी सरकला तरी प्रत्येक फेऱ्यात लोखंड लोखंडाला खरवडतं. अशा ठिकाणी तेल घालणं म्हणजे सरकणाऱ्याला आणखी सरकायची सोय करून देणं. त्याला हवा असतो पान्हा. किंवा हातोडा.

काळ्या सायकलची रचना साधी आहे, पण ती उघडून बघितलेली माणसं फार थोडी. फ्रेमच्या तळाला एक आडवी नळी असते. तिच्या दोन्ही तोंडांना आट्यांचे दोन कप, प्रत्येक कपात पाव इंची अकरा छर्रे, आणि त्या बावीस छर्‍यांवर फिरणारा ॲक्सल. ॲक्सलच्या दोन्ही टोकांना एकेक सपाट खाच. क्रँक त्यावर घातला की क्रँकच्या भोकातून एक तिरकी घासलेली खुंटी ठोकायची. तिची सपाट बाजू ॲक्सलच्या खाचेवर चपखल बसते, आणि माणूस उभा राहून पायडल मारो की डबलसीट घेऊन चढ चढो, सगळा भार त्या करंगळीहून बारीक खुंटीवर येतो. ही खुंटी म्हणजे कॉटर.

जगाने कॉटरला रजा द्यायला फार आधीच सुरुवात केली. फ्रान्सच्या स्ट्राँगलाइट कंपनीने १९३३ मध्ये ॲल्युमिनियमचा बिनकॉटरचा क्रँक काढला, चौकोनी टोकावर बोल्टने आवळायचा. आपल्याकडे लुधियानात हिरो १९५६ साली सुरू झाली, सोनिपतला ॲटलस त्याच्याही पाच वर्षं आधी, आणि दोघांच्या काळ्या सायकलींनी कॉटर सोडला नाही. त्याचं कारणही व्यवहारी होतं. कॉटर काढायला-घालायला हातोडा आणि एक पान्हा पुरतो, आणि हातोडा नाही असं गाव भारतात नाही. ॲटलसच्या साहिबाबादच्या कारखान्यातलं उत्पादन २०२० साली थांबलं, तेही नेमकं ३ जूनला, जागतिक सायकल दिनी. मुहूर्त कोणी काढला कोण जाणे.

आता हीच सायकल पेण-रोह्याच्या हवेत ठेवून बघावी. एका अंगाला खारेपाट, धरमतरची खाडी, मिठागरं. दुसऱ्या अंगाला सह्याद्री, आणि वर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. आषाढात रस्त्यावरचं पाणी पायडलपर्यंत येतं, हा झाला खालून हल्ला. वरून येणारं पाणी आणखी लबाड. सीटच्या नळीच्या तोंडातून ते आत उतरतं आणि फ्रेममधल्या सर्वांत खोल जागी, म्हणजे त्या बावीस छर्‍यांच्या घरात, मुक्काम ठोकतं. वर सीटला प्लास्टिकची पिशवी बांधून माणूस कोरडा, खाली छर्रे गळ्यापर्यंत पाण्यात. गणपतीच्या आधीचे दोन महिने पेण, हमरापूर, जोहे इकडच्या कारखान्यांत कामाची झुंबड असते. तिथे कामाला जाणाऱ्याच्या सायकलवर शाडू आणि प्लास्टरचा थर बसतो, पावसाच्या पाण्यात त्याचा लगदा होतो आणि तोही आतल्या पाहुण्यांत सामील होतो. गौरी-गणपती आटोपले, पाऊस ओसरला, की करकरीचा हंगाम सुरू.

त्यात पेणहून वडखळ-नागोठण्याकडे जाणारा हा महामार्ग. पळस्पे ते इंदापूर या टप्प्याचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं, आणि मधल्या वर्षांत वडखळ ते नागोठणे जाणाऱ्या प्रत्येक वाहनाचा प्रत्येक नट या कामाने स्वतः हलवून तपासला. गेरहार्ड युंकर नावाच्या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये प्रयोगाने दाखवून दिलं होतं, की आवळलेला बोल्ट सैल होतो तो मुख्यतः आडव्या हादऱ्यांनी. त्यासाठी त्याला एक खास यंत्र बांधावं लागलं. बिचाऱ्याला वडखळ नाका ठाऊक नव्हता.

या साऱ्या भानगडीतून पूर्ण सुटलेला एकच मोठा प्रवासी पेण तालुक्याने दिला. विनोबा ११ सप्टेंबर १८९५ ला गागोद्याला जन्मले. १९५१ मध्ये भूदानासाठी निघाले ते तेरा वर्षं देशभर फिरत राहिले, पण पायी. कॉटरचा प्रश्न त्यांनी मुळातूनच निकालात काढला होता. बाकीच्या रायगडकरांना बाजार, शाळा आणि धाटावच्या कारखान्यांची पाळी वेळेत गाठायची असल्यामुळे सायकल उलटी करून बघावी लागते.

बघायचं काय, हे बाजारातला जुना मेकॅनिक पाच मिनिटांत सांगतो, आणि त्याची पद्धत टपरीवरच्या वैद्यांच्या बरोब्बर उलट असते. तो आधी कशाला हात लावत नाही. गिऱ्हाइकाला सायकल चालवत समोरून जायला सांगतो आणि स्वतः कान देऊन उभा राहतो. पाय थांबवले आणि सायकल नुसती घरंगळताना आवाज चालूच राहिला, तर दोष चाकात. पाय थांबताच आवाज थांबला, तर पुढे चौकशी. सीटवरून उठून पायडल मारताना आवाज गेला, तर क्रँक निर्दोष, सीट गुन्हेगार. पायडलच्या एका फेऱ्याला ठरलेल्या जागी एकच "कट्" येत असेल, आणि तोही एकाच पायाखाली, तर मग संशयाला जागाच उरत नाही.

शेवटची परीक्षा हाताची. दोन्ही क्रँक दोन हातांत धरून आडवे, फ्रेमच्या दिशेने हलवायचे. दोन्ही मिळून हलले तर कप सैल आहे किंवा छर्रे झिजलेत. एकच हलला, दुसरा गप्प राहिला, तर हलणाऱ्याचा कॉटर गेला. एवढं साधं आहे. तरीही या परीक्षेआधी नवीन चेन, नवीन फ्रीव्हील आणि नवीन सीट बसवून झालेली सायकल दुकानात येते, कारण मालकाने सल्ला फुकट घेतलेला असतो.

मग काम सुरू होतं. मेकॅनिक कॉटरचा नट सैल करतो, पण काढून टाकत नाही. नट खुंटीच्या टोकाच्या पातळीला आणून ठेवतो, म्हणजे हातोडा बसला तरी आटे मरत नाहीत. क्रँकच्या खाली लोखंडी नळीचा तुकडा उभा करून टेकू देतो. हा टेकू नसला तर घाव कॉटरऐवजी आतल्या छर्‍यांवर जातो आणि कपात बारीक खड्डे पडतात. घाव एकच, पण मनापासून. दहा हळू टोल्यांनी खुंटीचं डोकं पसरतं आणि ती अधिकच घट्ट रुतते. खुंटी निघाली की तो ती उजेडात धरून गिऱ्हाइकाला दाखवतो. सपाट बाजूला एक चकचकीत पायरी पडलेली असते, नखाला लागेल एवढी. साडेसहा हजार करकरींचा उगम तो.

क्रँक उतरतात, डाव्या बाजूची चकती आणि कप निघतो, आणि आतून जे बाहेर येतं ते बघून चांगले चांगले मालक ओशाळतात. काळंतपकिरी, खारट वासाचं काहीतरी, त्यात छर्रे. कधी अकराऐवजी नऊच. हे सगळं रॉकेलच्या पत्र्याच्या डब्यात पडतं. धुऊन फडक्यावर पसरले की चांगले आणि गेलेले आपोआप वेगळे होतात. चांगल्यावर दुकानातला बल्ब दिसतो, गेलेल्यावर दिसत नाही. मेकॅनिक मात्र वेगळे काढत बसत नाही, एक गेला की सगळेच बदलतो. बावीस छर्‍यांची किंमत मालकाने आतापर्यंत ओतलेल्या तेलापेक्षा कमी भरते.

यानंतर ग्रीस, आणि इथे हात आखडायचा नसतो. कपात बोटाने जाडसर थर द्यायचा, छर्रे त्यात एकेक करून खोवायचे. ग्रीसच त्यांना जागेवर धरून ठेवतं, नाहीतर कप उलटा करताच सगळे दुकानभर. ग्रीस म्हणजे साबणासारख्या जाड बैठकीत धरून ठेवलेलं तेल. ते वाहत नाही, पाण्याने सहज धुपत नाही, आणि छर्‍यांभोवती भिंत होऊन राहतं. कप हाताने फिरवत आत न्यायचा, ॲक्सलची हालचाल संपेल तिथे थांबायचं, किंचित मागे घ्यायचा, आणि चकतीने कुलूप लावायचं. फार आवळला तर छर्रे रडतात, कमी आवळला तर ॲक्सल नाचतो.

उजवीकडच्या, म्हणजे चेनच्या बाजूच्या, कपाच्या वाटेला घरगुती मेकॅनिकने जाऊ नये. त्याचे आटे उलटे असतात. डाव्या पायडलचेही. फिरण्याच्या ओघात ते आपोआप सुटू नयेत म्हणून केलेली ही योजना, पण रविवारी सकाळी अंगणात पान्हा घेऊन बसलेल्याला ती कोणी सांगितलेली नसते. तो जोर लावतो. मग पान्ह्यावर उभा राहतो. मग बायकोला बोलावून तिला फ्रेम धरायला लावतो. प्रत्येक पायरीला पायडल आणखी घट्ट होत जातं, आणि दुपारी सायकल मेकॅनिककडे जाते तेव्हा ती आधी त्या पराक्रमातून सोडवावी लागते.

नवा कॉटर घालण्याआधी मेकॅनिक कानस घेतो आणि त्याची सपाट बाजू दोन-चार हात घासतो, कारण दुकानातून आलेला कॉटर आणि वीस वर्षं झिजलेला ॲक्सल यांची पत्रिका जशीच्या तशी क्वचितच जुळते. एक खुंटी वरून, तर दुसरी उलट बाजूने, असंच घालायचं. दोन्ही एकाच बाजूने घातल्या तर पायडल एका रेषेत येत नाहीत आणि स्वार लंगडत सायकल चालवतो. त्यानंतर पुन्हा टेकू, पुन्हा हातोडा, आणि शेवटी नट. नव्वद टक्के मालकांना वाटतं की नट आवळला की कॉटर आत ओढला जातो. तसं होत नाही. कॉटर बसवतो हातोडा, नट फक्त त्याला बाहेर येऊ देत नाही. नटानेच ओढायला गेलं तर खुंटीचे नाजूक आटे तुटतात. सायकल दुरुस्तीवर जगभर वाचला गेलेला अमेरिकन मेकॅनिक शेल्डन ब्राउन हेच आयुष्यभर सांगत राहिला. २००८ मध्ये तो गेला. पेणच्या मेकॅनिकने त्याचं नाव ऐकलेलं नसतं, पण नटाच्या बाबतीत दोघांचं मत शब्दशः एक.

रविवारी पहाटे याच रस्त्यावर दुसऱ्या जातीच्या सायकली दिसतात. पनवेल-मुंबईकडून आलेले, हेल्मेट घातलेले, अंगाला चिकटलेले कपडे, सायकलची किंमत मोटारसायकलच्या पुढे. त्यांच्या सायकलीही करकरतात. उलट जास्तच, कारण कार्बनची पोकळ फ्रेम तंबोऱ्याच्या भोपळ्याचं काम करते आणि मागचा आवाज पुढून आल्यासारखा ऐकवते. इथे कॉटर नसतो, बोल्ट असतो. चौकोनी टोकाच्या क्रँकचा बोल्ट साधारण ३५ ते ५० न्यूटन-मीटर आवळायचा असतो, म्हणजे पाव मीटर लांबीच्या पान्ह्याच्या टोकाला चौदा-वीस किलोंचा जोर. ही मंडळी खिशातल्या घडीच्या पान्ह्याने बोट दुखेपर्यंत आवळतात आणि झालं समजतात.

बोल्टच्या बाबतीत ग्रीसचं काम थोडं उफराटं आहे. निसरडं करायला नव्हे, तर घट्ट करायला ते लावायचं. बोल्ट आवळताना लावलेल्या जोरापैकी साधारण दहातले नऊ वाटे आट्यांच्या आणि डोक्याच्या घर्षणात खर्ची पडतात, उरलेल्या एकाने क्रँक दाबला जातो. आटे कोरडे आणि गंजके असतील तर तो एक वाटाही पोचत नाही. मग पान्हा अडतो, माणूस घामाघूम होतो, बोल्ट "गच्च बसलोय" असं भासवतो आणि क्रँक आत सैलच. खाऱ्या हवेतला बोल्ट याबाबतीत सराईत खोटारडा असतो. म्हणून आट्यांना आणि डोक्याखाली ग्रीस लावायचं, यावर कुणाचा वाद नाही. ॲक्सलच्या चौकोनी टोकालाही लावावं का, यावर मात्र मेकॅनिकांत दोन तट आहेत. एक म्हणतो लावा, नाहीतर कुरकुर होणारच. दुसरा म्हणतो कोरडंच बरं, नाहीतर क्रँक टोकावर फार वर चढतो आणि चिरतो. हे दोघे एकाच दुकानात कामाला असले तर गिऱ्हाइकाने सायकल ठेवून बाजारहाट करून यावं.

या महागड्या सायकलवाल्यांची आणखी एक करुण कहाणी आहे. मधल्या काळात मोठमोठ्या कंपन्यांनी तळाच्या नळीतले आटेच काढून टाकले आणि बेअरिंग नुसतं दाबून बसवायची पद्धत आणली. वजन काही ग्रॅमनी घटलं आणि करकर किलोने वाढली. अखेर २०१५ च्या सुमारास टी४७ नावाचं नवं माप निघालं. त्याचं वैशिष्ट्य काय, तर त्याला आटे आहेत. म्हणजे रोह्याच्या दूधवाल्याच्या सायकलला जे होतंच, ते जगाने लाखो रुपये मोजून परत आणलं.

काम झालं की मेकॅनिक एक सूचना न चुकता देतो. "काका, नवा कॉटर आहे, जरा बसेल. आठवडाभर चालवा आणि परत आणा, दोन ठोके मारून आवळून देतो. पैसे नाही लागायचे." हे अगदी बरोबर आहे. नवी खुंटी भाराखाली किंचित दबते, आणि त्या वेळी आवळली नाही तर महिन्याभरात तिच्यावरही पायरी पडते. काका मान हलवतात. आठवड्याने कोणीही येत नाही. आवाजच नाही तर यायचं कशाला?

मात्र तीन-चार दिवसांनी काका येतातच, आणि तेही तावातावाने. क्रँक झकास झालाय, पण हा नवीन आवाज कुठून काढला? मेकॅनिक खाली वाकतो, मागचं मडगार्ड दोन बोटांनी हलवतो. ते खडखडतं. गेली चार वर्षं खडखडतंय, पण क्रँकच्या गजरात त्याचं कोण ऐकणार?

"वायसर लागेल," मेकॅनिक म्हणतो. "बसा. आणि आलाच आहात तर कॉटरही आवळून देतो."